मधुमेहात पायांची संवेदना घरी कशी तपासावी

मधुमेहात तळपायांची आग होऊ लागली किंवा पायांना मुंग्या येऊ लागल्या की माणूस डॉक्टरांकडे जातो. ज्याचे पाय नुसतेच बधिर होत जातात तो मात्र काही दुखत नाही म्हणून घरीच राहतो, आणि न कळता होणाऱ्या जखमेचा धोका त्यालाच अधिक असतो. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की चेतातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. सर्वांत लांबचे तंतू पायाच्या बोटांपर्यंत जात असल्यामुळे बधिरता बहुधा तिथूनच सुरू होते.

ती ओळखण्याची एक सोपी चाचणी इंग्लंडमधील इप्सविच येथे तयार झाली. रुग्णाला मोजे काढून आडवे व्हायला आणि डोळे मिटायला सांगावे. मग दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा, आणि स्पर्श कळताच रुग्णाने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे म्हणावे. बोट दाबू किंवा चोळू नये. स्पर्श कळला नाही तर त्याच जागी पुन्हा करून पाहू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत.

सहाही स्पर्श कळले तरी दवाखान्यातील तपासणी टाळू नये. टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी सुरुवात करून ती दरवर्षी करावी लागते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध अनेक वर्षे चालू असेल, त्यातही आहार शाकाहारी असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी आवर्जून करून घ्यावी, कारण त्याच्या कमतरतेनेही अशीच बधिरता येते आणि तिच्यावर वेगळा उपचार आहे.

संवेदना कमी झाली असेल तर साखर आटोक्यात ठेवण्याबरोबरच रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात आणि चपला-बूट झटकून, आत हात फिरवून मगच घालावेत. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत, तळपायाचे कुरूप (घट्टा) ब्लेडने कापू नये. देवदर्शनाला अनवाणी जायचे असल्यास फरशी तापण्यापूर्वी, सकाळीच जावे. फोड किंवा जखम दिसली, तर दुखत नसली तरी ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.