घाटात बाइक वळणाबाहेर पळते? मागचा शॉकअप बघा

आंबोली किंवा कुंभार्ली घाट मागे माणूस आणि सामान घेऊन चढताना बाइक वळणाबाहेर ओढत असेल, तर आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते बघा. मागचा भाग दबला की पुढचं चाक हलकं पडतं. दोन शॉकअपच्या बऱ्याच बाइकला स्प्रिंग दाबणाऱ्या कडीवर 5 खाचा असतात. पान्याने एकेक खाच वाढवा, दोन्ही बाजू सारख्याच ठेवा. स्प्रिंग याने कडक होत नाही, फक्त बाइक उचलली जाते. वळण संपायच्या आधीच अ‍ॅक्सिलरेटर पिळायची सवय असेल, तर आणखी एक खाच वाढवून बघा; मला तीच मानवते. एकटे असाल तेव्हा मात्र परत कमी करा, नाहीतर खड्ड्यांत मागचं चाक उड्या मारतं. आणि आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेने ती कडी गंजून जाम होते, पावसाळ्याआधी ग्रीस लावाच.