एसएनएलचा अख्खा सीझन बघायचाय? मग चौतिसावा घ्या, आणि असा बघा

सॅटर्डे नाइट लाइव्ह, म्हणजे एसएनएल, अमेरिकेतला शनिवारी रात्री लाइव्ह होणारा विनोदी शो, आपल्यातल्या बहुतेकांनी तुकड्यातुकड्यात बघितलेलं असतं. पाच मिनिटांची एक क्लिप, तिच्याखाली दुसरी, मग रात्रीचे दोन वाजतात आणि आपण सगळीकडे सांगत फिरतो की हो हो, मी एसएनएल बघते. मीपण कितीतरी वर्षं हेच केलं. मग एकदा हट्टाने एक अख्खा सीझन पहिल्या एपिसोडपासून शेवटच्यापर्यंत लावला तेव्हा कळलं की क्लिपा म्हणजे नुसती वरची साय होती, खालचं दूध बघितलंच नव्हतं. त्या दुधात पाणी बरंच असतं हेही आधीच सांगून ठेवते. पण ते पाणीपण बघायचं असतं.

तर पहिला प्रश्न, कुठला सीझन. शो सुरू झाला ११ ऑक्टोबर १९७५ ला, पन्नास सीझन केव्हाच होऊन गेलेत, त्यामुळे "पहिल्यापासून बघू" म्हणणारे लोक तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला गळतात. त्यांची चूक नाहीये. पहिल्या एपिसोडचा होस्ट, म्हणजे त्या रात्रीचा मुख्य पाहुणा, जॉर्ज कार्लिन स्केचमध्ये (छोट्या विनोदी नाटुकल्यांना स्केच म्हणतात) नाहीच, मधेमधे येऊन स्टँडअप करून जातो, गाणारे पाहुणे दोन-दोन, वर जिम हेन्सनच्या बाहुल्या, आणि दुसऱ्या एपिसोडला पॉल सायमन होस्ट तर जवळजवळ सगळी गाणीच. शोचं अजून बस्तानच बसलेलं नाहीये. ते नंतर बघा, सवय झाल्यावर मजा येते.

माझं मत, चौतिसावा घ्या. १३ सप्टेंबर २००८ ते १६ मे २००९, एकूण २२ एपिसोड. कारण एसएनएलच्या सीझनला एरवी कथा नसते, दर शनिवारी नवा होस्ट, नवा डाव, पण या सीझनला आपोआप एक कथा मिळालीय. पहिले दोन महिने अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक, शो नुसता पेटलेला, आणि ४ नोव्हेंबरला ओबामा निवडून येतात आणि मग ह्या लोकांना प्रश्न पडतो की आता काय करायचं. ते "आता काय" बघण्यासाठीच मी हा सीझन सुचवते, निम्मे लोक नोव्हेंबरला सोडून देतात ते सोडू नका.

बघायच्या आधी वीस मिनिटं अभ्यास करा. कंटाळा नको, फार नाहीये. जॉन मॅकेन रिपब्लिकन उमेदवार, त्यांनी २९ ऑगस्ट २००८ ला अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं, देशात फारसं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. आणि लोकांनी बघितलं तर ही बाई डिट्टो टीना फे सारखी दिसते! टीना फे ही या शोची आधीची हेड रायटर, २००६ मध्ये सोडून गेलेली. ती पेलिन बनून परत आली, कास्टमधली एमी पोहलर हिलरी क्लिंटन झाली, आणि सीझनच्या अगदी पहिल्या सीनमध्ये दोघी शेजारी शेजारी उभ्या. "माझ्या घरातून मला रशिया दिसतो" हे वाक्य तिथलं आहे. पेलिन असं कधी बोलल्याच नव्हत्या, त्या एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो. पण आजही लोक ते घराचं वाक्य पेलिनच्याच नावावर खपवतात, म्हणजे विचार करा नक्कल किती चिकटली असेल.

आता इथे एक काम करा, ह्याने फरक पडतो. २७ सप्टेंबरचा एपिसोड (ॲना फॅरिस होस्ट) लावण्याआधी पत्रकार केटी कुरिकने घेतलेली पेलिनची खरी मुलाखत शोधून बघा, आर्थिक मदतीच्या पॅकेजवरच्या प्रश्नाचं उत्तर तरी. मग स्केच लावा. टीना फे तिथे जे बोलते त्यातला बराचसा भाग जवळजवळ जसाच्या तसा खऱ्या उत्तरातला आहे, लेखकांनी विनोद लिहिलाच नाही, नुसता उचलला. हे आधी माहीत नसेल तर तुम्हाला वाटतं की काय अतिशयोक्ती केलीय. माहीत असेल तर हसता हसता जरा गप्प व्हायला होतं.

एपिसोड कसा वाचायचा ते सांगते, वाचायचाच असतो तो. क्रम ठरलेला: सुरुवातीचं स्केच म्हणजे कोल्ड ओपन, ते "लाइव्ह फ्रॉम न्यूयॉर्क, इट्स सॅटर्डे नाइट!" या आरोळीने संपतं, मग नावं, मग होस्टचा मोनोलॉग, मग स्केचेस, पहिलं गाणं, मधोमध वीकेंड अपडेट म्हणजे बातम्यांची थट्टा, पुन्हा स्केचेस, दुसरं गाणं, आणि शेवटी सगळे स्टेजवर येऊन मिठ्या मारतात ते गुडनाइट्स. नावं पळवू नका. आधी पक्क्या कास्टची येतात आणि नंतर "फीचरिंग" म्हणून नव्या भिडूंची, आणि सीझनभर खरी लढाई ह्या खालच्या नावांची चालू असते. या सीझनला तिथे बॉबी मॉयनिहान आणि केसी विल्सन, आणि नोव्हेंबरपासून ॲबी एलियट आणि मिकेला वॉटकिन्स. कोणाला किती स्केचेस मिळतायत, कोण सलग दोन एपिसोड नुसतं मागे वेटर म्हणून उभं आहे, एका कागदावर रेघा मारत जा. वेडेपणा वाटेल पण दहाव्या एपिसोडपर्यंत तुम्ही त्या माणसांच्या बाजूने जीव टांगून बसलेले असता. मी मिकेलाच्या बाजूने होते. सीझन संपल्यावर तिला आणि केसीला काढलं, मला माहीत होतं तरी राग आलाच.

दुसरं, आठवडा कसा जातो ते डोक्यात ठेवून बघा. सोमवारी शोचा निर्माता लॉर्न मायकल्सच्या ऑफिसात होस्टसमोर सगळे कल्पना सांगतात (निम्म्या खोट्या, वेळ मारून न्यायला). मंगळवारी रात्रभर जागून लिहितात. बुधवारी टेबलाभोवती बसून चाळीसेक स्केचेस वाचली जातात आणि त्यातली मोजकी निवडतात, आणि लगेच सेट बांधायला सुरुवात. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर ड्रेस रिहर्सल, ती मुद्दाम लांब ठेवलेली, तिच्यात जे पडलं ते कापतात, उरलेल्याचा क्रम बदलतात, संवाद बदलतात, आणि साडेअकराला लाइव्ह. म्हणजे तुम्ही बघताय ते स्केच मंगळवारी नव्हतंच. हे लक्षात राहिलं की फसलेल्या स्केचचा राग कमी येतो, आणि जमलेलं बघताना तोंडात बोट जातं.

म्हणूनच नटांच्या डोळ्यांकडे बघा. समोरच्याशी बोलताना नजर जरा बाजूला जाते ना, तिथे क्यू कार्ड धरलेलं असतं, हाताने लिहिलेलं, कारण शेवटच्या क्षणापर्यंत ओळी बदलतात आणि पाठांतराला वेळच नसतो. होस्ट खेळाडू असेल तर हे फारच दिसतं. पहिल्याच एपिसोडला मायकल फेल्प्स आहे, बीजिंगमधून आठ सुवर्णपदकं घेऊन आलेला, आणि बिचारा कार्ड असं वाचतो जसं शाळेत उभं राहून धडा वाचायला सांगितलाय. त्याच्याभोवती बाकीचे कसे सांभाळून घेतात ते बघा, त्यातून कास्ट कळते. चांगल्या नटाबरोबर काम करताना सगळेच चांगले दिसतात, त्यात काय.

आता एक स्केच जवळून घेऊ. ४ ऑक्टोबर, ॲन हॅथवे होस्ट. जुन्या काळचा लॉरेन्स वेल्कचा संगीताचा कार्यक्रम, फ्रेड आर्मिसन वेल्क झालाय, चार बहिणी गायला उभ्या. तिघी देखण्या, एकेक करून गोड ओळ गातात. चौथी क्रिस्टन विग. कपाळ भलंमोठं, आणि हात बाहुलीच्या हातांएवढे इवले. गाणं फिरत फिरत तिच्यापर्यंत येतं आणि ती काहीतरी भयंकर गाते. बस, विनोद एवढाच. पण मोजा, तो किती वेळा येतो आणि दर वेळी किती वाढतो. पहिल्या फेरीत तुम्ही हातांना हसता, दुसऱ्या फेरीत ओळीला, आणि तिसऱ्या फेरीला आधीची बहीण अजून गातच असते तेव्हा तुम्हाला हसू यायला लागतं कारण आता तिची पाळी येणार. ही जी वाट बघायला लावण्याची युक्ती आहे ना ती एकदा ओळखता आली की कुठलंही स्केच पहिल्या मिनिटात सोडवता येतं: एक विचित्र गोष्ट कुठली, आणि ती वाढतेय की नुसती परत परत येतेय. नुसती परत येत असेल तर ते पडणार. पडू द्या, पण पुढे ढकलू नका. पडत्या स्केचमध्ये नट काय करतो हे क्लिपांमध्ये कधीच दिसत नाही.

आणि रात्री एकला दहा कमी असताना येतं ते शेवटचं स्केच तर अजिबात सोडायचं नाही. तिथे असं सामान टाकतात जे धड कोणाला कळणार नाही पण लिहिणाऱ्याचा जीव अडकलेला असतो. लेखकांची खरी हौस तिथेच दिसते.

क्लिपांनी माझी कशी फसवणूक केली ते सांगते. स्टेफॉन, कास्टमधल्या बिल हेडरचं पात्र, तो हात तोंडावर ठेवून हसू दाबणारा. मला वाटायचं तो पहिल्यापासून वीकेंड अपडेटच्या टेबलावरच बसतो. नाही! तो पहिल्यांदा याच सीझनला, १ नोव्हेंबर २००८ च्या एपिसोडला, एका साध्या स्केचमध्ये, होस्ट बेन ॲफ्लेकच्या पात्राचा भाऊ म्हणून येतो आणि जातो, नंतर वर्षभराहून जास्त पत्ता नाही. टेबलावर बसला तो पुढच्या सीझनला. त्याचं लिखाण हेडरबरोबर जॉन मुलेनी करायचा, आणि मुलेनी लेखक म्हणून आला तोही याच सीझनला. तो नंतर शेवटच्या क्षणी कार्डांवरच्या ओळी बदलायचा, म्हणून हेडरला हसू आवरायचं नाही. हे सगळं माहीत असताना तो पहिला, जरासा अवघडलेला स्टेफॉन बघणं म्हणजे मोठ्या गवयाची शाळेतली कॅसेट सापडल्यासारखं आहे.

वेग किती ठेवायचा? एका बैठकीत एकच एपिसोड, आठवड्याला दोन फार तर तीन. सलग लावले तर तिसऱ्याला सगळी स्केचेस एकमेकांत मिसळतात आणि मेंदूचा काला होतो. फक्त १८ आणि २५ ऑक्टोबरचे लागोपाठ बघा. १८ ला खुद्द सारा पेलिन शोवर येतात, तो एपिसोड चौदा वर्षांत सगळ्यात जास्त बघितला गेला, आणि अपडेटमध्ये एमी पोहलर पूर्ण दिवस भरलेल्या अवस्थेत पेलिनच्या शेजारी उठून रॅप करते. बसून नाही, उभी राहून, नाचत, पेलिन जागेवर मान डोलावतायत. पुढच्या शनिवारी अपडेटच्या टेबलावर तिचा जोडीदार सेथ मायर्स एकटा, कारण एमीचं बाळ त्याच दिवशी जन्मलं. डिसेंबरमध्ये ती शो सोडते, आणि तिच्या जाण्याने जी पोकळी होते ती जानेवारीत चांगलीच जाणवते.

एक तांत्रिक गोष्ट: स्ट्रीमिंगवर एपिसोडची लांबी आधी बघून घ्या. जाहिराती काढल्या तरी तास-सव्वा तास भरायला पाहिजे. पंचवीस-तीस मिनिटांचा दिसला तर छाटलेला आहे, बहुतेक वेळा गाण्यांच्या हक्कांमुळे, आणि छाटताना कधी कधी बिचारं अख्खं स्केचपण जातं. आणि हे सगळं वाचून चालू सीझन लाइव्ह बघायची हुक्की आली तर न्यूयॉर्कचे शनिवार रात्रीचे साडेअकरा म्हणजे आपले रविवार सकाळचे नऊ, त्यांच्याकडे हिवाळ्यात घड्याळ मागे गेलं की दहा.

चौतिसावा झाला की मग बिघडलेला सीझन बघा, अकरावा, १९८५-८६. लॉर्न मायकल्स पाच वर्षांनी परत आलेला, कास्टमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियर, जोन क्युसॅक, रँडी क्वेड, आणि तरी काही केल्या जमत नाही. शेवटच्या एपिसोडला त्यांनी कास्टला आग लागलेल्या खोलीत कोंडलेलं दाखवलं आणि मायकल्स फक्त जॉन लोव्हिट्झला बाहेर काढतो. पुढच्या सीझनला मॅडोना येऊन सांगते की मागचं वर्ष म्हणजे एक भयंकर स्वप्न होतं. स्वतःच्या पडझडीवर असं हसणं मला तरी आवडतं.

पण आधी चौतिसाव्याचे शेवटचे गुडनाइट्स नीट बघा, १६ मे, विल फेरेल होस्ट. त्या गर्दीत डॅरेल हॅमंड आहे, चौदा सीझन नकला करून त्याचा हा शेवटचा, आणि त्याचा फारसा गाजावाजा नाही. नंतर कधी चाळिसावा सीझन लावलात तर सुरुवातीला नावं पुकारणारा आवाज कान देऊन ऐका, डॉन पार्डो गेल्यावर ते काम हॅमंडकडे आलं.