सांगलीतली आठ पानी विनोदी चित्रकथा : घरच्या घरी कशी काढायची

कॉलेजातल्या पोरांच्या चित्रकथेत प्रेम, पैसा आणि घरचे वेगवेगळे आले की विनोद फसतो. तिघांची गाठ एकाच ठिकाणी पडायला हवी. म्हणून चित्राआधी हिशेब मांडा, तोही रुपयांत.

समजा, पाहुणे यायचेत म्हणून आईनं ओम्याला अर्धा किलो भडंग आणायला फोनवर तीनशे रुपये पाठवले. सांगलीच्या विश्रामबाग भागात सायली भेटली. दोन कोल्ड कॉफी, एकशे ऐंशी रुपये. उरले एकशे वीस. हा आकडा वाचकाला कळला की ओम्यापेक्षा त्यालाच जास्त घाम फुटतो. ‘खूप पैसे खर्च झाले’ असं लिहून कुणी हसत नाही.

आता कागद. ए-फोरचा कागद दोनदा आडवा आणि एकदा उभा दुमडून आठ चौकोन पाडा. उघडा, रुंदीच्या बाजूनं मधोमध एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या कडेपासून मधल्या घडीवर फक्त अर्ध्यापर्यंत कात्री चालवा. परत उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. आठ पानांची पुस्तिका तयार. शिलाई नको, पिना नकोत.

पहिलं पान मुखपृष्ठ. दोन-तीन, चार-पाच, सहा-सात ही पानं समोरासमोर येतात, म्हणजे वाचक तिसऱ्या आणि पाचव्या पानानंतर पान उलटतो. धक्का ठेवायचा तो चौथ्या किंवा सहाव्या पानावर. बहुतेक जण इथंच घाई करतात आणि ओम्याला पकडणारे काका तिसऱ्याच पानावर दिसून जातात.

तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ओम्या हळूच स्कॅन करतो. चौथं पान अख्खं एकाच चौकटीला द्या : काउंटरवरचा स्पीकर, माणसांपेक्षा मोठा काढलेला, ओरडतोय, “एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!” मागच्या टेबलावरून काका वळून बघतायत. सहाव्या पानावर कळतं, की साखरेचं पथ्य असलेले काकाही काकूंना चुकवून फालुदा खायला आलेत.

“काय लगा, तू मला बघितलं न्हाईस.”

“तुम्ही पण मला न्हाई, काका.”

बोलणं असंच तुटक ठेवा. फुग्यात दोन वाक्यं झाली की पुरे; विनोद समजावून सांगणारा तिसरा फुगा खोडाच. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे, वर. आणि अक्षरं आधी लिहा, मग फुगा ओढा. आपल्या लिपीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, त्यामुळे दोन ओळींत चांगली जागा सोडावी लागते.

कच्चं काम पेन्सिलीनं, पक्कं काळ्या जेल पेननं. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका. चेहरे साधे चालतात, पण जागा ओळखू आली पाहिजे : सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कमानी दोन रेघांत निघतात.

त्या पुलाचं काम सातव्या पानावर. घरी पिशवी उचलून आई विचारते, “हे अर्धा किलो?” ओम्या म्हणतो, “पुलावर वारं लई होतं.”

आठव्या पानावर आई फोन लावतेय, काकूंना.

झेरॉक्स मशीन कडेचं छापत नाही, म्हणून चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोकळं सोडा. घरातला खरा किस्सा घेतला असेल तर मामाचा काका करा, गावही बदला, आणि पहिली प्रत ज्याचा किस्सा त्यालाच द्या.