तिसरी मांजर घरात आणताना
घरात दोन मांजरी असताना तिसरी आणली आणि पहिल्याच दिवशी तिला थेट त्यांच्यासमोर सोडले, ही माझी मोठी चूक होती; फिस्कारणे, अंगावर धावून जाणे आणि थोरलीने खाण्याकडे पाठ फिरवणे, हे सारे त्यातूनच उद्भवले. मग नवीला स्वतंत्र खोलीत ठेवून तिचे अंथरूण जुन्यांकडे व त्यांचे तिच्याकडे दिले, कारण मांजर दुसऱ्या मांजरीला आधी वासाने ओळखते. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाण्याच्या वाट्या ठेवून त्या रोज थोड्या जवळ सरकवल्या. १०व्या दिवशी दाराखालच्या फटीत दोन पंजे, नखे आत ओढलेलीच, एकमेकांना हळूच स्पर्श करताना दिसले, तेव्हा कुठे मी दार बोटभर उघडले. शी-शूचे ट्रे मात्र ४ ठेवले, मांजरींपेक्षा एक अधिक. त्यात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.