नादारी प्रक्रियेतील शुल्काची माहिती मागताना या चुका टाळा

एखादी कंपनी नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 खाली लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत) गेली, की तिच्या मालमत्तेच्या विक्रीतून आलेल्या पैशातून सर्वांत आधी प्रक्रियेचा खर्च पूर्ण भागवला जातो. संहितेच्या कलम 53 प्रमाणे त्यानंतर कामगारांच्या मागील 24 महिन्यांच्या थकबाकीची आणि तारण सोडलेल्या धनकोंची पाळी येते, आणि माल पुरवणारा लहान व्यापारी तर त्यांच्याही बराच मागे उभा असतो. त्यामुळे रिझोल्युशन प्रोफेशनलला (लिक्विडेशनपूर्वी कंपनी सावरण्याची प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाला) किती शुल्क मिळाले आणि मालमत्ता विकणाऱ्या लिक्विडेटरने किती घेतले, हे विचारणे म्हणजे आपल्याच पैशाचा हिशेब विचारणे आहे. तरीही माहिती अधिकाराखालील असे अर्ज वाया जातात. कारण अनेकदा एवढेच असते, की ते चुकीच्या दारात किंवा चुकीच्या शब्दांत गेलेले असतात.

कंपनी कोणत्या कायद्याखाली आहे, हे न पाहणे

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक येथे होते. संहितेखालील प्रक्रियांचे नियमन करणारे भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाले. ज्या जुन्या कंपन्यांचे विसर्जन कंपनी कायदा, 1956 खाली उच्च न्यायालयात सुरू झाले आणि तेथेच राहिले, त्यांची कागदपत्रे शासकीय परिसमापकाच्या कार्यालयात असतात. सहकारी पतसंस्था किंवा सहकारी साखर कारखाना अवसायनात निघाला असेल, तर त्याचा संहितेशी संबंध नाही. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 लागू होतो आणि अवसायकाच्या मेहनतान्याची विचारणा सहकार खात्याच्या संबंधित निबंधक कार्यालयात करावी लागते.

कंपनी संहितेखालीच असेल, तर आयबीबीआयच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. रिझोल्युशन प्रोफेशनल हा खासगी व्यावसायिक असतो आणि त्याच्या कार्यालयात जन माहिती अधिकारी नसतो. मात्र माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2(च) मधील व्याख्येनुसार, एखाद्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी व्यक्तीकडून मिळवता येणारी माहितीही ‘माहिती’ ठरते. अर्जात हे कलम स्पष्ट नमूद करावे. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; त्यांच्यासाठी अर्जातील जागा खर्च करू नये.

कागद न मागता खुलासा मागणे

‘इतके जास्त शुल्क का दिले?’ हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे, पण अर्जात तो टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, की प्राधिकरणाने नोंदीत असलेली माहिती द्यायची असते. नवी माहिती तयार करण्याचे किंवा मत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून नोंदीचे नाव घेऊन मागणी करावी. धनकोंची समिती रिझोल्युशन प्रोफेशनलचा खर्च आयबीबीआयच्या नादारी निराकरण प्रक्रियेच्या विनियम 34 खाली निश्चित करते आणि विनियम 34अ प्रमाणे तो बाबनिहाय जाहीर करावा लागतो. तेव्हा ‘अमुक कंपनीच्या प्रक्रियेत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मंडळाकडे सादर झालेल्या, खर्चाचा तपशील असलेल्या विवरणपत्रांच्या प्रती’ अशी मागणी केली, की अधिकाऱ्याला पळवाट उरत नाही.

तुलनेसाठी आकडेही हाताशी असावेत. 1 ऑक्टोबर 2022 किंवा त्यानंतर नेमलेल्या रिझोल्युशन प्रोफेशनलसाठी विनियम 34ब मध्ये किमान मासिक शुल्क ठरले : मान्य दावे 50 कोटी रुपयांपर्यंत असल्यास 1 लाख रुपये, आणि 10,000 कोटींच्या वर गेल्यास 5 लाख. हे किमान आहे, कमाल नव्हे. त्याहून जास्त शुल्क दिसले म्हणजे गैरप्रकार झाला, असा आरोप अर्जातच करणे ही स्वतंत्र चूक ठरते.

राज्याचे नियम केंद्राला लावणे

महाराष्ट्रात अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावण्याची सवय असते. केंद्रीय कार्यालयांसाठीच्या 2012 च्या नियमांत स्टॅम्प हा शुल्क भरण्याचा मार्ग नाही. तेथे पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, रोख किंवा ऑनलाइन भरणा चालतो. राज्यातील 150 शब्दांची मर्यादाही येथे नाही. केंद्रीय नियमांत ती साधारणपणे 500 शब्दांची आहे. शिवाय हा अधिकार नागरिकाचा आहे, फर्मचा नव्हे. म्हणून कंपनीच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर, पदनामाने अर्ज न करता स्वतःच्या नावाने करावा.

पहिल्या नकारावर थांबणे

नकारात बहुधा माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 8(1)(घ) म्हणजे व्यापारी गोपनीयता, किंवा 8(1)(ङ) म्हणजे विश्वासाश्रित नाते (विश्वासाने सोपवलेली माहिती), ही कारणे असतात. दुसऱ्या कारणाला सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री या निकालाचा आधार घेऊन उत्तर देता येते. नियामक संस्था ज्यांचे नियमन करते, त्यांच्याकडून कायद्याने मिळालेली माहिती विश्वासाश्रित नात्यात धरत नाही, असे त्यात म्हटले आहे. पहिल्या कारणावर कलम 10 दाखवावे : बोलीदारांचे प्रस्ताव झाकून शुल्काचा ठराव तेवढा द्यावा, अशी पर्यायी मागणी मूळ अर्जातच लिहून ठेवणे माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. कलम 8(2) खालील लोकहित सांगताना भावनेपेक्षा कामगारांच्या थकबाकीचा आकडा अधिक बोलतो.

त्रयस्थ पक्षाला, म्हणजे ज्याच्याविषयीची माहिती मागितली आहे त्याला, कलम 11 ची नोटीस गेली, तर 30 ऐवजी 40 दिवस लागू शकतात. त्याआधीच अपील करून ते अकाली ठरवून घेऊ नये. प्रथम अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत, आणि द्वितीय अपील 90 दिवसांत करायचे असते. आयबीबीआय केंद्रीय प्राधिकरण असल्यामुळे द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे नव्हे, तर दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. तेथील सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे हजर राहण्याची सोय असते, त्यामुळे प्रवासखर्चाच्या भीतीने कोणत्याही कामगाराने अपील सोडू नये.