प्रोसेसर, ट्यूब अ‍ॅम्प आणि मंडपातली लाइट: या चुका टाळा

गिटारचा टोन पातळ येतोय, फाटका येतोय, चरचरतोय, अशी तक्रार निघाली की दोन मिनिटांत गाडी एकाच स्टेशनावर जाते: प्रोसेसर (अ‍ॅम्प आणि इफेक्टचे आवाज डिजिटल पद्धतीने बनवणारा डबा) विकून काचेच्या ट्यूबवर चालणारा खरा ट्यूब अ‍ॅम्प घ्यावा का? ज्याच्याकडे ट्यूब अ‍ॅम्प आहे त्याची तक्रार तीच असते, फक्त त्याला प्रोसेसर घ्यायचा असतो. दहातल्या नऊ वेळा दोष डब्यात नसतोच. डब्याच्या पुढे काय जोडलंय आणि मागे कुठल्या सॉकेटमधून लाइट घेतलीय, तिथे घोळ असतो. पुढच्या चुका या दोन टोकांच्याच आहेत.

हेडफोनवर बनवलेला पॅच मंडपात

ही चूक मराठवाड्यातल्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात ऐकू येते. पोरगं रात्री घरात हेडफोन लावून पॅच, म्हणजे प्रोसेसरमध्ये साठवलेली आवाजाची सेटिंग, बनवतं. गेन (आवाज फाडणारा नॉब) भरपूर, बेस भरपूर, ट्रेबल भरपूर, मधला भाग खाली खेचलेला, वर हॉलसारखा घुमणारा रिव्हर्ब. कानात तो भारी वाटतो. दुसऱ्या दिवशी मंडपातल्या दोन टॉप आणि दोन बेस स्पीकरवर तोच पॅच लावला की खाली नुसता गडगडाट आणि वर मच्छर गुणगुणल्यासारखी चरचर. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात सुरू झाला की गिटार गायब. मग वादक आवाज वाढवतो, साउंडवाला कमी करतो, आणि दोघांचं भांडण.

कारण साधं आहे. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. म्हणून हळू आवाजात आपण ते दोन्ही वाढवून ठेवतो, आणि आवाज मोठा झाला की ते दुपटीने अंगावर येतात. दुसरी गोष्ट, गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने संपतो. पीएच्या, म्हणजे पब्लिकसाठी लावलेल्या साउंड सिस्टिमच्या, टॉपमधला हॉर्न मात्र थेट १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत सगळं ओकतो. डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या आवाजाचा) जो कचरा खरा स्पीकर गाळून टाकतो, तो हॉर्नमधून सरळ पब्लिकच्या कानात.

उपाय असा. पॅच मोठ्या आवाजातच बनवायचा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप ८५ ते ९० डेसिबल दाखवेल इतक्या आवाजात, आणि शक्यतो त्याच प्रकारच्या स्पीकरवर. साउंडवाल्याशी गोडीने बोललं तर दुपारी जोडणी करताना तो अर्धा तास देतो. प्रोसेसरमधल्या कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या) ब्लॉकमध्ये किंवा शेवटच्या इक्वलायझरमध्ये लो कट ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट ५ ते ६ किलोहर्ट्झ. गेन जिथे आवडतो तिथून निम्मा. ५०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ हा मधला पट्टा खाली खेचायचा नाही. एकट्याने वाजवताना तो नाकातला वाटेल, वाटू द्या. बँडमध्ये गिटार तिथेच ऐकू येते.

आणि मंडपातला पीए बहुतेक वेळा मोनो असतो. डावी-उजवीकडे उड्या मारणारा पिंगपाँग डिले आणि रुंद कोरसचा स्टिरिओ पॅच मोनोत एकत्र झाला की दोन्ही बाजू एकमेकांना खातात. लेफ्ट/मोनो आउटमधून एकच वायर द्या.

कॅबिनेटवर कॅबिनेट

वरच्याची सख्खी बहीण. प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्प मॉडेल चालू, त्यात स्पीकर कॅबिनेटचा आयआर (माइक लावलेल्या स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल) चालू, आणि आउटपुट कुठे? गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये. म्हणजे एका अ‍ॅम्पच्या तोंडात दुसरा आख्खा अ‍ॅम्प, स्पीकर आणि माइकसकट. आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. मग म्हणायचं, "डिजिटलला दम नाही."

तीन जोडण्या आहेत, तिन्हींची सेटिंग वेगळी:

मिक्सर किंवा पॉवर्ड स्पीकरला देताना अ‍ॅम्प मॉडेल चालू, कॅबिनेट आयआर चालू.

गिटार अ‍ॅम्पच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (अ‍ॅम्पचा टोनचा भाग वगळून थेट पॉवरच्या भागात नेणारं सॉकेट) देताना अ‍ॅम्प मॉडेल चालू, कॅबिनेट बंद, कारण खरा स्पीकर समोर आहेच.

गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये देताना अ‍ॅम्प मॉडेलही बंद, कॅबिनेटही बंद. फक्त ड्राइव्ह, डिले वगैरे. आउटपुटची लेव्हल मोठ्या 'लाइन'वरून गिटारइतक्या लहान 'इन्स्ट्रुमेंट'वर.

प्रत्येक पॅचची प्रत काढून नावापुढे 'पीए' किंवा 'रिटर्न' लिहून ठेवावं. ऐन वेळी स्टेजवर मेनू उघडून कॅबिनेट शोधणारा वादक बघवत नाही.

इथेच तुलनेची जुनी गल्लत निघते. १९९८ सालच्या पॉड या प्रोसेसरपासून २०१५ च्या हेलिक्सपर्यंत आणि खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज टिपून (कॅप्चर करून) नक्कल करणाऱ्या आताच्या यंत्रांपर्यंत, आयआर चालू असताना ऐकू येतो तो माइक लावलेल्या अ‍ॅम्पचा आवाज. खोलीत उभं राहून पोटरीला हवा लागते तो आवाज तो नव्हेच. खोलीतल्या ट्यूब अ‍ॅम्पशी हेडफोनवरच्या प्रोसेसरची तुलना करणं म्हणजे समोर बसून ऐकलेल्या गाण्याची रेकॉर्डिंगशी तुलना. खरंच बघायचं असेल तर दोघांनाही एकाच गिटार कॅबिनेटवर, सारख्या आवाजात वाजवा. डोळे मिटून फरक सांगणारे मग फार उरत नाहीत.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करणं

या एका चुकीवर जितकं बोलावं तितकं कमी. लातूर जिल्ह्यातल्या एका गॅदरिंगमध्ये घडलेला प्रकार घ्या, कारण त्यात चुकांची आख्खी साखळी आहे.

भाड्याने आणलेलं ५० वॅटचं हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प), त्यात ईएल३४ या पॉवर ट्यूबची जोडी. टेम्पोत जागा नव्हती म्हणून कॅबिनेट मागे ठेवलेलं. "प्रोसेसर कसा डायरेक्ट मिक्सरला जातो, तसंच हे जाईल की." साउंडवाल्याने विचारलं, "दादा, आउट कुठंय ह्याचं?" वादकाने स्पीकर आउट दाखवलं. पी-३८ (गिटारच्या जाड) जॅकची वायर तिथून थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला.

आता हिशोब बघा. ५० वॅट ८ ओहमवर म्हणजे २० व्होल्ट. मिक्सरच्या लाइन इनपुटला अपेक्षा साधारण सव्वा व्होल्टची. ते चॅनल पहिल्याच गाण्यात गेलं. पण खरा घात हेडच्या आत झाला. मिक्सरचं इनपुट हजारो ओहमचं, म्हणजे ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लेखी समोर काहीच जोडलेलं नाही. ट्यूबमधला करंट बदलतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा स्पीकरमधून बाहेर पडते. स्पीकरच नसेल तर ती उलटी फिरते आणि ट्यूबच्या प्लेटवर हजार व्होल्टच्या वर झटके बसतात. ईएल३४ च्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन प्लेटची, तिच्या शेजारची २ नंबरची हीटरची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची). ठिणगी या दोघींच्या मध्ये उडाली आणि सॉकेटवर काळी रेघ उमटली.

आवाज बंद. कुणीतरी म्हणालं ट्यूब गेली, म्हणून जवळची जोडी बसवली. पण ती काळी रेघ म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून करंट वाहतो. चालू करताच फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज नव्हता. मग आपला रामबाण इलाज: फ्यूजवर तार गुंडाळली. पाच मिनिटांत पॉवर ट्रान्सफॉर्मरचा धूर. सुरुवात झाली होती एका वायरीने, आणि शेवटी दोन्ही ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, ट्यूबच्या दोन जोड्या आणि मिक्सरचं एक चॅनल गेलं.

पुढची चूकही ठरलेली. गावात मोटार रिवाइंडिंगवाला आहे, त्याच्याकडे नेऊ. पॉवर ट्रान्सफॉर्मर तो नीट भरूनही देईल. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (ट्यूबकडची) आणि सेकंडरी (स्पीकरकडची) गुंडाळीचे थर एकाआड एक गुंडाळलेले असतात. सरळ एकावर एक भरला की वरचा आवाज मरतो आणि अ‍ॅम्प कायमचा घोगरा होतो. तिथे त्या मॉडेलचा तयार ट्रान्सफॉर्मरच मागवावा.

म्हणून क्रम पाठ करा: आधी स्पीकर, मग लाइट. बंद करताना उलटा. कॅबिनेट ८ ओहमचं तर हेडवरही ८. ८-८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४. मधली वायर स्पीकरचीच हवी, दीड एमएमची दुपदरी वायर आणि दोन टोकांना चांगले जॅक एवढीच तिची गोष्ट. गिटारची वायर सारख्याच जॅकची असते म्हणून लावली जाते. तिच्यातली तार बारीक, गरम होऊन सुटली की परत तोच बिनस्पीकरचा प्रसंग.

ट्यूब अ‍ॅम्प मिक्सरला द्यायचाच असेल तर कॅबिनेटसमोर साधा डायनॅमिक माइक, जाळीपासून २ ते ५ सेंटिमीटर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखून. एसएम५७ हा माइक १९६५ पासून हेच काम करतोय. किंवा तेवढ्याच ओहमचा आणि पुरेशा वॅटचा लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी भार घेणारा डबा.

मंडपातली लाइट

मे महिन्यात परभणीत दुपारी फेजवर २०० व्होल्ट, आणि रात्री सगळ्यांचे कूलर-पंप बंद झाले की २५०. जनरेटरवर तर मंडपवाल्याने हॅलोजन बंद केले की व्होल्टेज उसळी मारतं. प्रोसेसरचा अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्याला २०० व्होल्टचं काही वाटत नाही. ट्यूब अ‍ॅम्पला वाटतं. त्याच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. मेन्स २०० झाला की हीटरला साडेपाचच मिळतात, ट्यूब अर्धवट तापते, आवाज मरगळतो. मेन्स २५३ झाला की आतले ४५० व्होल्ट ४९५ होतात आणि ५०० व्होल्टचे कपॅसिटर काठावर येतात.

मल्टिमीटर गिटारच्या बॅगेत हवाच. सॉकेट २१० ते २४५ च्या मध्ये असेल तरच ट्यूब अ‍ॅम्प लावायचा, नाहीतर सर्व्हो स्टॅबिलायझर. थ्री-फेजचा न्यूट्रल कुठे सैल असेल तर एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्ट येतात, आणि तिथे अ‍ॅम्प, प्रोसेसर, कीबोर्ड कुणीच वाचत नाही. म्हणून मोजणी एकदा लाइटा बंद असताना आणि एकदा सगळ्या चालू असताना.

हमिंग येतं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणाऱ्याला स्टेजवर चढू देऊ नये. हा टोनचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकच्या जाळीला, मधून करंट. सुरू करण्याआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यात एसी व्होल्ट मोजा. चार-पाच व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग सापडेपर्यंत वाजवू नका. हमिंग घालवायला प्रोसेसरवर किंवा डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सर यांच्या मधला जुळवणीचा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या वायरीतला वळसा तोडतं. ते वापरा.

अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग हातात घेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

पॉवर ट्यूब बदलल्या आणि बायस (वाजवत नसतानाही ट्यूबमधून वाहणारा करंट) लावून घेतला नाही. ४५० व्होल्टवर ईएल३४ चा २५ वॅटचा सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा वॅट, भागिले ४५०, साधारण ३९ मिलिअँपिअर प्रत्येक ट्यूबला. याच्या वर जाऊ नये. आपला बायस आपणच सांभाळणाऱ्या कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला हे लागत नाही, पुढच्या छोट्या १२एएक्स७ ट्यूबलाही नाही. पण उघडायचं काम शिकलेल्या माणसाकडेच द्या. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरतात. व्हिडिओ बघून पेचकस घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, नको.

घरासाठी १०० वॅटचं हेड. ५० पेक्षा ते फक्त ३ डेसिबलने मोठं. १५ वॅटसुद्धा शेजाऱ्यांना पुरून उरतात.

मिक्सरवरचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकला वायरीतूनच दिलेली वीज) चालू आणि त्यात प्रोसेसरची एक्सएलआर वायर. आधी बंद करून घ्या.

दुसऱ्याचा ९ व्होल्टचा अडॅप्टर. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं. मधली पिन ऋण आहे का, एसी आहे की डीसी, किती मिलिअँपिअर, तिन्ही जुळायला हवं.

फर्मवेअर अपडेट भारनियमनाच्या वेळी. प्रोसेसर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप चार्ज केलेला, आणि त्याआधी सगळ्या पॅचचा बॅकअप. कार्यक्रमाच्या दिवशी तर अपडेटला हातच लावायचा नाही.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्यूब अ‍ॅम्प. आख्खा वेळ गुंजतो. साइन वेव्हचाच घ्या.

धुळीने नॉबखालचे पॉट खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंज काढायचा तेलकट स्प्रे नाही.

अ‍ॅम्पची पाठ मंडपाच्या कापडाला चिकटवून ठेवणं. मागे किमान एक वीत मोकळी ठेवा, आणि कार्यक्रम संपल्या संपल्या तापलेलं हेड टेम्पोत टाकू नका. ट्यूब गरम असताना आतली तार मऊ असते आणि आपले रस्ते आपल्याला माहीत आहेत. आधी हेड बंद करायचं, मग वायरी गुंडाळायच्या, माइकचे स्टँड उचलायचे, आणि शेवटी हेड.