शीप रेडर खेळताना या चुका टाळा, निम्मा त्रास तिथेच संपेल

शीप रेडर हा लूनी ट्यून्स कार्टूनवरचा व्हिडिओ गेम, त्यात आपण राल्फ नावाचा लांडगा होऊन सॅम या राखणदार कुत्र्याच्या मेंढ्या चोरतो. तो नव्याने खेळायला घेतलेला प्रत्येक जण थोड्या दिवसांनी एकच गोष्ट विचारतो, की सुरुवातीच्या लेव्हल्स पटापट झाल्या आणि आता अचानक अडकलोय, गेममध्ये बग आहे का? नाहीये. हा गेम आहेच असा. एक लेव्हल हसतखेळत होते, पुढची अख्खी संध्याकाळ खाते, आणि त्यानंतरची परत सोपी निघते. इन्फोग्राम्स कंपनीने २००१ मध्ये प्लेस्टेशन आणि पीसीवर आणलेला हा गेम, युरोपात त्याचं नाव शीप, डॉग अँड वुल्फ होतं, आणि अवघडपणाचा चढ एकसारखा ठेवणं तेव्हा त्यांना जमलेलं नाही हे मी सरळ मान्य करतो. तरीही मला हा गेम फार आवडतो, म्हणून लोक चुकीच्या कारणाने सोडून देतात तेव्हा वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण नेमके कशात अडकलोय हेच न ओळखणं. डोकं अडकलंय की हात? म्हणजे काय करायचं ते कळत नाहीये, की कळलंय पण वेळ साधत नाहीये? या दोन्हींचे उपाय एकदम उलटे आहेत. नवीन लोक काय करतात, कोडं सुटलेलं नसताना तीच धाव परत परत मारतात, प्रत्येक वेळी सॅमचा मार खातात आणि म्हणतात कंट्रोल्स खराब आहेत.

माझा एक मित्र असाच बसला होता झुडपाच्या एका जागेवर. झुडूप अंगावर घेऊन सॅमच्या समोरून सरकायचं असतं, सॅम दुसरीकडे बघत असेल तेव्हा पुढे जायचं आणि त्याची नजर वळली की जागच्या जागी थांबायचं, एवढंच. हा पठ्ठ्या झुडपात शिरला की आता आपण दिसतच नाही असं समजून सरळ चालत सुटायचा. पकडला गेला की चिडायचा, परत तेच, परत तेच. मी शेजारी बसून सांगत होतो की अरे बाबा थांब, त्याच्याकडे बघ, तर म्हणे माझा टायमिंगचा प्रॉब्लेम आहे, होईल आत्ता. टायमिंगचा नव्हताच, त्याला झुडपाचा नियमच कळला नव्हता. शेवटी मी कंट्रोलर काढून घेतला आणि त्याला नुसतं सॅमकडे बघायला लावलं, तो कुठे वळतो, किती वेळ वळलेला राहतो. मग कंट्रोलर परत दिला आणि गडी शांतपणे पार गेला. पळत सुटणाऱ्या खुनशी कुत्र्याशी नाही, तर ड्युटी बजावणाऱ्या पहारेकऱ्याशी आपली गाठ आहे हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गेम उलगडतो. मूळ कार्टूनची गंमतही तीच आहे ना, चक जोन्सने १९५३ पासून आणलेली ही जोडी, सकाळी दोघं कार्ड पंच करून ड्युटीवर येतात, एकमेकांना नमस्कार करतात आणि मग दिवसभर एक चोरतो आणि दुसरा ठोकतो.

माझी सवय सांगतो. नवीन लेव्हल आली की पहिली फेरी मी मेंढीला हातच लावत नाही. नुसतं फिरून बघायचं, मेंढ्या कुठे, सॅम कुठे, मेंढी नेऊन ठेवायची जागा कुठे, अ‍ॅक्मेचा मेलबॉक्स (कार्टूनमधली ही कंपनी चित्रविचित्र वस्तू पाठवते) कुठे आणि त्यातून काय मिळतंय. मिळालेल्या वस्तूवरूनच पुढचा विचार सुरू करायचा. रॉकेट मिळालं तर उंचावर किंवा पलीकडे काहीतरी आहे, मेंढीच्या खाण्याचं काही मिळालं तर तिला उचलायचं नाही, तिला स्वतःहून चालवत न्यायचंय. सगळ्यांना घाई असते मेंढी उचलायची, आणि मग ती हातात घेऊन मधेच उभे, आता कुठे जाऊ म्हणून.

धावणं. सॅम जवळ असताना धावू नका. चवड्यांवर चाला. एवढं साधं सांगूनही लोक ऐकत नाहीत.

सुरुवातीचं ट्रेनिंग उडवू नका, डॅफी डक या कार्टूनमधल्या बदकाची बडबड कंटाळवाणी वाटली तरी.

राल्फला रोड रनरच्या मागे लागणारा कायोटी समजून खेळू नका. दिसायला सारखेच आहेत, राल्फचं नाक लाल, कायोटीचं काळं, पण कायोटी पाठलाग करतो आणि राल्फ लपूनछपून चोरतो. पाठलागाच्या डोक्याने खेळलात तर मार खाणार.

आता वॉकथ्रू, म्हणजे लेव्हल कशी पार करायची ते दाखवणारे व्हिडिओ. पहिल्या अडचणीला यूट्यूब उघडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्यात नुकसान त्यांचंच होतं. सुरुवातीच्या सोप्या कोड्यांमधून हा गेम आपल्याला कार्टूनच्या पद्धतीने विचार करायला शिकवत असतो, की इथे वस्तू कशा वागतात, सॅम कशाला फसतो आणि कशाला नाही. तेवढा भाग व्हिडिओ बघून उरकला की पुढे टाइम मशीन वगैरे येतं तेव्हा हाताशी काहीच शिदोरी नसते, मग तिथेही व्हिडिओ, आणि मग गेम खेळला कोणी? अगदीच अडलं तर दोन दिवस ठेवून द्या. मी तेच करतो. परत बसलो की पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी वेगळं दिसतं, कारण आधीचा हट्ट निघून गेलेला असतो.

पण उपाय माहीत आहे आणि फक्त हात चुकतोय, अशा जागी मात्र जीव काढत बसू नका. काही लेव्हल्समध्ये एक लांबलचक काम नीट पार पाडून शेवटच्या वळणावर पकडलं जातं आणि सगळं पहिल्यापासून, तिथे चूक खेळणाऱ्याची नाही, लेव्हल बनवणाऱ्याची आहे. एम्युलेटरवर (जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) खेळत असाल तर अशा वेळी सेव्ह स्टेट, म्हणजे हव्या त्या क्षणी गेम जसाच्या तसा साठवायची सोय, खुशाल वापरा, कोडं सुटल्यावर. कोडं सुटायच्या आधी वापरलंत तर मागेपुढे करत कसंतरी पार व्हाल आणि कसं झालं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि सेव्ह करताना सॅमची पाठ तुमच्याकडे आहे ना ते बघा, त्याच्या नजरेसमोर सेव्ह केलेले लोक मी पाहिलेत, लोड केलं की लगेच ठोसा.